परसातील तळे

नेवासे हे गाव आमच्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका तेथे सांगितली, हे तुम्हांला ठाऊक असेलच. त्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक कुमुदिनी आहे. चंद्र आकाशात उगवतो, ती तळ्यात असते. आणि आपली जागा न सोडता ती त्याला भेटते. श्रोत्याने कथा कशी ऐकावी, हे समजावून देताना ज्ञानेश्वरांनी हा दाखला दिला आहे. मी मराठीचा शिक्षक. तीस वर्षे मी हा दाखला वर्गात समजावून सांगितला, आणि ‘कुमुदिनी म्हणजे रात्री उमलणारे कमळ’ असा अर्थ मुलांना वहीत लिहून दिला.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही कुमुदिनी पाहिली आहे का?”

मी पाहिली नव्हती. तसे मी सांगितले. वर्गात कोणी हसले नाही. परंतु त्या दिवशी घरी परतताना मन खट्टू झाले. आमचा पारनेर तालुका कोरडा. ओढे पावसाळ्यात चार दिवस वाहतात, आणि फाल्गुन लागला की विहिरींचे तळ दिसू लागतात. कमळ आम्ही पाहिले ते लक्ष्मीच्या तसबिरीत. ज्या फुलाविषयी आपण इतकी वर्षे बोललो, ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, म्हणून निवृत्तीनंतर परसात एक लहानसे तळे बांधावयाचे मी ठरविले.

आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिने पहिला प्रश्न केला तो पाण्याचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट खोल अशा तळ्यात सुमारे १३६० लिटर पाणी मावते. आईला लिटरचा हिशेब कळत नाही, म्हणून मी म्हणालो, “नव्वद घागरी.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बहात्तरला आपल्या घरात दिसाला चार घागरी यायच्या. म्हंजी तीन आठवड्यांचं पाणी. अन् ते नुसतं बघायला व्हय?”

१९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. कामावर मुलांना सुकडी मिळे. घरी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी होई. ती थापताना तडकत असे. आई पहाटे अंधारात घागर घेऊन निघे आणि उन्हे चढल्यावर परत येई. वाटेत हिंदकळून चार थेंब सांडले तरी तिचा जीव हळहळे. अशा बाईपुढे पाण्यातील फुलांची गोष्ट काढावयास मला संकोच वाटला, यात नवल नाही.

तरी मी हिशेब मांडला. आमच्या जिल्ह्यातील हिवरे बाजारचे गावकरी पडलेला पाऊस मोजतात आणि त्याप्रमाणे कोणती पिके घ्यावयाची ते ठरवितात. मीही तेच केले. आमच्या घराचे छप्पर चारशे चौरस फुटांचे. त्यावर दीड इंच पाऊस पडला तर पन्नास घनफूट पाणी जमते, आणि तळ्याला हवे होते अठ्ठेचाळीस. म्हणजे आजवर पन्हाळीतून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर वाहून जाणारे दोन चांगल्या सरींचे पाणी तळे भरावयास पुरेसे होते. आईला हे पटले, पण तिने एक अट घातली, “हंड्यातलं पाणी त्यात एक तांब्याभर घालायचं न्हाई.” मी कबूल झालो.

फुलाचा कंद माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिला. तो पुण्यास एका रोपवाटिकेत काम करीत असे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आल्याच्या गड्ड्यासारखा दिसणारा तो कंद पाहून मी कृतार्थ झालो. तेव्हा तो म्हणाला, “सर, ही कुमुदिनी नाही हं. ही थंडी सोसणारी वॉटरलिली. ही सकाळी उमलते.” कवींनी कमळ सूर्याला दिले आणि कुमुद चंद्राला, माझ्या वाट्याला आले ते कुमुदाच्याच कुळातले, पण सूर्याच्या बाजूचे फूल! परत कसे करणार? ठेवून घेतले.

या रोपाचा इतिहास मी पुढे वाचला. युरोपात बर्फाखाली तग धरणाऱ्या लिलीची फुले पूर्वी बहुधा पांढरीच असत. फ्रान्समधील जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या गृहस्थाने निरनिराळ्या जातींचा संकर करून गुलाबी, पिवळी, तांबडी फुले निर्माण केली आणि ती १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. (त्याच्या नावातील लातूर ते आपले लातूर नव्हे.) क्लोद मोने या चित्रकाराला त्या फुलांचा फार लोभ जडला. जिव्हर्नी या खेड्यात तळे करण्यासाठी त्याने १८९३ साली ओढ्याचे पाणी घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली. या परक्या वनस्पतींनी आपले पाणी नासेल, अशी त्यांना भीती वाटली. अखेर परवानगी मिळाली, आणि पुढे आयुष्यभर मोने त्या तळ्याची चित्रे काढीत राहिला. आईला मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ती म्हणाली, “गावकऱ्यांचं काय चुकलं?”

लागवडीत पहिली चूक माझीच झाली. शेतकऱ्याचा मुलगा मी. रोप म्हटले की शेणखत घालावयाचे, एवढेच मला ठाऊक. दोन ओंजळी खत मातीत मिसळले, आणि पंधरा दिवसांत पाणी हिरवेगार होऊन त्याला दुर्गंधी सुटली. पाण्यात खत कुजते आणि शेवाळ्याचे फावते, हे मला उशिरा कळले. मग मी सारे उपसले. शेतातली निव्वळ काळी चिकण माती एका पसरट घमेल्यात भरली. कंद तिच्यात तिरपा ठेवला आणि त्याचा डोळा, म्हणजे जेथून कोंब फुटतो ती जागा, मातीबाहेर मोकळी राहू दिली. माती पाण्यात विरघळू नये म्हणून वर जाड वाळूचा थर पसरला. घमेले एकदम तळाशी न ठेवता चार विटांवर ठेवले. पाने जसजशी वर आली तसतशी एकेक वीट काढली. पाणी वीतभर चढले की देठही दोन-तीन दिवसांत वीतभर लांबतो. पान मात्र पाण्याच्या पाठीवरच राहते. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची श्वासाची छिद्रे पानाच्या खालच्या अंगाला जास्त असतात. या पानाची ती वरच्या अंगाला असतात. देठ आडवा कापून पाहिला तर आत बारीक नळ्या दिसतात. त्यांतून वरची हवा चिखलातल्या कंदापर्यंत पोहोचते. डासांचा बंदोबस्त करण्यासाठी आरोग्य केंद्रातून मूठभर गप्पी मासे आणून सोडले.

पहिले फूल भाद्रपदात आले. सकाळी आठच्या सुमारास कळी सुटू लागली आणि नऊ वाजता बशीएवढे गुलाबी फूल पाण्यावर बसले. दुपारी चारच्या आत ते मिटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमलले, तिसऱ्या दिवशीही. आणि चौथ्या दिवशी देठ वळवून ते मुकाट्याने पाण्याखाली गेले. झाडावरच्या फुलासारखी त्याच्या पाकळ्यांची पखरण झाली नाही. आई ओट्यावरून हे सारे पाहत असे. बोलत नसे.

पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या गावी टँकर येऊ लागले आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. तळ्यात मी पट्टी उभी केली होती. दररोज बोटभर पाणी उतरत होते. हिशेब केला, तेव्हा सूर्य रोज दीड घागर पाणी पिऊन जातो असे दिसले. घागरीसाठी बायका टँकरपुढे रांगा लावीत असताना तळे भरणे शक्य नव्हते. आणि आईला दिलेला शब्दही होताच. मी राहिलेले पाणी बादलीने काढून दारच्या लिंबाला घातले. मासे रांजणात ठेवले. घमेल्यातील पाने कापली, न्हाणीच्या मागे सावलीत ते ठेवून दिले आणि त्यावर ओले गोणपाट घातले. थंड देशात हा कंद बर्फाखाली हिवाळा काढतो. आमच्याकडे त्याची परीक्षा वैशाखात होती. माती सुकून कोरडी पडली असती, तर तो मेला असता.

दोन-तीन दिवस मी गोणपाट भिजविले. मग टँकरच्या कामात आणि छावणीवर हिशेब लिहिण्यात दिवस जाऊ लागले, आणि खरे सांगावयाचे तर मी त्याला विसरलो. तीन आठवड्यांनी आठवण झाली तेव्हा धास्तावूनच न्हाणीमागे गेलो. गोणपाट ओलेचिंब होते.

आईला विचारले. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “तोंड धुतलेलं पाणी हाये. हंड्यातलं न्हाई.” आणि थोड्या वेळाने, “त्यात जीव हाये म्हणाला व्हतास ना?”

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जून संपावयास आला तेव्हा पन्हाळ वाहू लागली. पहिल्या सरीचे मातकट पाणी सोडून देऊन पुढच्या सरींवर तळे भरले. घमेले पुन्हा विटांवर ठेवले. आठ दिवस काहीच दिसेना. नवव्या दिवशी मी अंघोळीला बसलो असताना आईची हाक आली, “आरं, ये लवकर! वर आलंय बघ!” रुपयाएवढे, तांबूस, अजून नीट न उलगडलेले एक पान पाण्यावर तरंगत होते.

खरी कुमुदिनी मी अद्याप पाहिलेली नाही. सातवीतली ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. एकदा येऊन तळे पाहून गेली आणि म्हणाली, “सर, ही तर उन्हात उमलते!” मी म्हणालो, “होय, शोध चालू आहे.” आईला मात्र हा भेद मान्य नाही. दुपारी चार वाजता फुले मिटली की ती ओट्यावरून मला सांगते, “निजली बघ तुझी कुमुदिनी.”