हिवाळ्याची मर्यादा

मुंबईचा हिवाळा तसा बेताचाच. नाशिक-नागपूरच्या माणसाला तो हिवाळा वाटतही नाही. तरीही कार्तिक सरला की पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटावी, दुपारचे ऊन सोसवावे आणि पंख्याला दोन महिने विसावा मिळावा, एवढी माफक अपेक्षा या शहराने पिढ्यान्‌पिढ्या बाळगली आहे. डिसेंबरात दिवसा ३२ अंशांच्या आसपास आणि रात्री १८ अंशांच्या आसपास तापमान, हा येथला नित्याचा हिशेब. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. त्या थंडीची गोष्ट जुन्या चाळींतून आजही सांगितली जाते, ती अपूर्वाईची गोष्ट म्हणूनच.

२०२४-२५ च्या हिवाळ्याने हा हिशेब विस्कटला. ४ डिसेंबर २०२४ रोजी सांताक्रूझला ३७.३ अंशांची नोंद झाली. त्याआधीच्या सोळा वर्षांत डिसेंबरात एवढे तापमान झाले नव्हते. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या पहाटे, त्याच ठिकाणी पारा १३.७ अंशांवर आला, आणि लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उघडल्या. ती थंडी फार दिवस टिकली नाही. हवामान खात्याच्या हिशेबात जानेवारी आणि फेब्रुवारी हे हिवाळ्याचे महिने. पण फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात शहरात ३८.७ अंश तापमान होते आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला होता. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंशांच्या पुढे जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तरच उष्णतेची लाट म्हणतात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, अशी आपल्याकडची लोकसमजूत. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला शिवरात्र आली, तेव्हा निरोप देण्यासाठी थंडी शिल्लकच नव्हती.

एखाद्या तापलेल्या दिवसावरून काळ बदलला असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. फेब्रुवारी १९६६ मध्येही मुंबईने ३९.६ अंश पाहिले आहेत. परंतु २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले, आणि २०२५ चा फेब्रुवारी हा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. सुटे दिवस पूर्वीही तापत होते. आता ऋतूची बैठकच वर सरकली आहे.

असे का होते, हे समजण्यास फारसे कठीण नाही. मुंबईच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस सह्याद्री. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. घाटमाथ्यावरून खाली उतरताना तो तापतो आणि अधिक कोरडा होतो. पुढे समुद्राकडून गार वारा आत शिरला की पारा तेथेच थांबतो. हा समुद्री वारा दुपार होण्यापूर्वी आला तर शहर सुखात असते. तो दोन-तीन वाजेपर्यंत रेंगाळला तर मधल्या तासांत जमिनीकडचा वारा शहर भाजून काढतो. थंडी मात्र उत्तरेकडून येते. हिमालयात बर्फ पाडून पश्चिमी झंझावात पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचे गार वारे गुजरात ओलांडून कोकणापर्यंत पोहोचतात. ते क्षीण झाले, किंवा पूर्वेच्या वाऱ्यांनी त्यांची वाट अडवली, की मुंबईचा हिवाळा कागदावरच राहतो. त्यात सिमेंट आणि डांबर दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतात, म्हणून पहाटही पूर्वीसारखी निवत नाही.

या कोरड्या हवेचा पहिला अनुभव घसा घेतो. पाऊस नाही, वारा मंद, आणि बांधकामांची धूळ जमिनीलगत तरंगत राहिलेली. त्याच डिसेंबरच्या अखेरीस महापालिकेला भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतील बांधकामे थांबवावी लागली. घरोघरी सुंठ आणि गवती चहाचा काढा उकळू लागला. थंडीसाठी केलेले डिंकाचे आणि मेथीचे लाडू मात्र डब्यात तसेच राहिले; उष्ण पडतील म्हणून मुलांच्या हाती देण्यास आया कचरत होत्या.

काळबादेवीच्या परिसरात ब्लँकेटांची ठोक विक्री करणाऱ्या एका पेढीचे घर याच हिवाळ्यात एका साध्या प्रश्नापाशी थांबले. हे कुटुंब मूळचे सांगलीकडचे. दोन पिढ्यांपासून मुंबईत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सारे अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकूंच्या स्वयंपाकघरात दळलेल्या पिठाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते : हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. ऋतू अष्टाह्निक पर्वाला बदलतो. म्हणजे कार्तिकातल्या पर्वापासून फाल्गुनातल्या पर्वापर्यंत हिवाळा. त्या हिशेबाने जानेवारीत सात दिवसांचे पीठ चालले असते. परंतु डब्याचे झाकण उघडताच हाताला ऊब लागे, आणि पिठाचा वास सहाव्या दिवशीच बदललेला असे. काकूंनी कोणाला न विचारता गिरणीत पाठवायचे धान्य कमी केले आणि सातऐवजी पाच दिवसांची मर्यादा धरली. नातसुनेने विचारले, “अहो आजी, अजून हिवाळाच आहे ना?” तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “पंचांगात आहे, डब्यात नाही.”

त्यांनी नियम मोडला नव्हता. जीवजंतू होण्यापूर्वी पीठ संपावे, हा नियमाचा हेतू. हवा बदलली म्हणून त्या हेतूसाठी त्यांनी मर्यादा आखडती घेतली. घरापुरता तो प्रश्न तेथेच मिटला.

पेढीचा प्रश्न तेवढ्याने मिटणारा नव्हता. गरम कपड्यांचा व्यापार हा थंडीच्या भरवशावर चालणारा उधारीचा व्यापार. पानिपतच्या ब्लँकेटांची आणि लुधियानाच्या स्वेटरांची मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी लागते. माल दसरा-दिवाळीच्या सुमारास गोदामात येतो. तेथून तो किरकोळ विक्रेत्यांकडे जातो, तोही बहुधा उधारीवरच. या सगळ्या साखळीत कोणीही थंडीची हमी लिहून देत नाही. तरी प्रत्येक जण ती गृहीत धरतो. थंडी पडली तर नफा सर्वांना थोडा थोडा मिळतो. पडली नाही तर तोटा खाली खाली सरकत जातो आणि ज्याच्या पाठीशी काहीच नाही, त्याच्यापाशी येऊन थांबतो.

बदलापूरच्या स्थानकाजवळ हातगाडी लावणारा एक विक्रेता अनेक वर्षे या पेढीकडून माल नेत असे. बदलापूरकडे रात्री मुंबईहून अधिक गारठा असतो, म्हणून त्याची विक्री सहसा बरी होई. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या त्या थंडीत त्याचा सगळा माल चार दिवसांत संपला. त्याच वेळी अण्णांच्या थोरल्या मुलाने पेढीवरून सगळीकडे फोन लावले : थंडी आली आहे, माल संपण्यापूर्वी उचला. विक्रेत्याने आणखी शंभर नग उचलले, साठ दिवसांच्या बोलीवर. त्यानंतर थंडी ओसरली. संक्रांत आली, गेली. फेब्रुवारीत तो पेढीवर आला तेव्हा शंभरांपैकी पंधरा नगांचे पैसे त्याने आणले होते. पंच्याऐंशी नग घरात पडून होते. त्यांतील पाच गठ्ठे, म्हणजे पन्नास नग, उघडलेलेही नव्हते. घर दहा बाय बाराचे, आणि त्यात ब्लँकेटांची थप्पी छतापर्यंत. “अण्णा, माल परत घ्या असे म्हणण्याचा मला हक्क नाही,” तो म्हणाला. “फक्त मुदत वाढवून द्या.”

मुलगा हिशेबी होता, निर्दय नव्हता. विकलेला माल परत घ्यायचा नाही, ही पेढीची जुनी रीत. गिरणीला पैसे चुकते झाले होते, बँकेच्या कर्जाचे व्याज चालू होते. एकाचा माल परत घेतला की बाकीचेही दारात उभे राहतील, असे त्याने वडिलांना सांगितले. अण्णांनी ते नाकारले नाही. ते म्हणाले, “येतील. प्रत्येकाचे मोजून पाहू.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “त्या आठवड्यात फोन कोणी लावला होता?” मुलाने काही उत्तर दिले नाही. त्या दोघांत अधिक काही बोलणे झाले नाही.

न उघडलेले पन्नास नग पेढीने पूर्ण भावाने परत घेतले. उरलेल्या पस्तीस नगांचे पैसे पुढच्या दिवाळीनंतर, व्याज न लावता, असे ठरले. मुलाचा अंदाज अर्धा खरा ठरला. त्यानंतर आणखी दहा विक्रेते आले. त्यांतील दोघांनी माल विकून पैसे अन्यत्र वापरले होते. त्यांना मुदतही मिळाली नाही. बाकीच्यांचे गठ्ठे मोजून परत घेण्यात आले. गोदामाचा अर्धा मजला भरला आणि त्या वर्षीचा पेढीचा नफा जवळजवळ त्यातच गेला. अण्णांनी याला दान म्हटले नाही. थंडीच्या आठवड्यात पेढीने जो माल आग्रहाने पुढे सरकवला, त्याच्या जोखमीतला आपला वाटा आपल्याकडे परत आला, असाच त्यांचा हिशेब होता.

हा प्रश्न ब्लँकेटांपुरता नाही. कोकणातील हापूसच्या झाडाला पुरेशी थंडी मिळाली तर मोहोर येतो. ती नसली तर झाड पालवीत रमते, आणि अवेळी उष्मा वाढला तर धरलेली बारीक फळेही गळतात. वाशीच्या बाजारात पेटी उशिरा आली की ग्राहकाला महागाई दिसते. पण बागायतदाराने फवारणीसाठी आणि राखणीसाठी घेतलेली उचल थंडीची वाट पाहत थांबत नाही. ज्याने उचल दिली, त्याच्या वहीत मुदत जुन्याच ऋतूच्या मापाने लिहिलेली असते. धान्य, फळे, कापड, औषधे, कोणताही व्यापार घेतला तरी त्यात कोठेतरी ऋतूचे असे न लिहिलेले कलम आहे. आजवर त्याकडे पाहण्याची गरज पडली नाही, कारण ऋतू आपला शब्द बहुधा पाळत असे. आता ते कलम उघडपणे वाचावे लागेल आणि त्याखाली कोणाची सही आहे, हेही पाहावे लागेल.

उष्ण हिवाळा थांबवणे एका पेढीच्या हाती नाही. माल किती मागवायचा, केव्हा मागवायचा आणि उरला तर तो कोणाच्या घरात पडून राहील, हे मात्र तिच्याच हाती आहे. चैत्रात पानिपतचा दलाल नेहमीप्रमाणे मागणी घेण्यासाठी आला. या वेळी मागणी एकदम न देता दोन हप्त्यांत दिली गेली : निम्मा माल दिवाळीपूर्वी, उरलेला पहिली थंडी पडल्यावर. दुसऱ्या हप्त्याचा भाव नगामागे काही रुपयांनी अधिक पडणार होता. अण्णांनी तो मान्य केला. जाड ब्लँकेटांची संख्या कमी करून त्या जागी सोलापुरी चादरी घ्यायचे ठरले, कारण चादर थंडी असो वा नसो, खपते. दलाल गेल्यावर मुलाने उधारीच्या वहीत नव्या पानावर अटी लिहावयास घेतल्या. मुदत साठ दिवसांचीच ठेवली. तिच्या खाली त्याने स्वतःहून एक ओळ वाढवली आणि वही वडिलांपुढे सरकवली : न उघडलेले गठ्ठे माघ अखेरपर्यंत पूर्ण भावाने परत घेतले जातील.

अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.