सुईदोऱ्याचा हिशोब

चीन-जपान युद्ध म्हटले की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. चिनी जखमींची सेवा करताना १९४२ साली ते हेबेई प्रांतात वारले. मला त्याच प्रांतातले आणखी एक नाव आठवते, मा बेनझाई. ते हुई मुसलमान. १९३७ मध्ये जपानी फौजा आल्या तेव्हा त्यांनी हुई तरुणांची तुकडी उभारली. पुढे ती कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत सामील झाली.

मुसलमानांसाठी जपानचा प्रचार वेगळा होता. तुम्ही इतर चिन्यांपेक्षा निराळे, तुमच्या धर्माचे रक्षक आम्ही, असा त्याचा सूर. १९३८ मध्ये बीजिंगमध्ये त्यांनी मुसलमानांची एक संघटनाही उभी करून दिली. पण याच रक्षकांच्या फौजा गावे जाळत होत्या, धान्य लुटत होत्या. १९४१ मध्ये त्यांनी मा यांच्या आईला पकडले. मुलाला शरण यायला सांग, असा दबाव आणला. त्या माउलीने अन्न सोडले आणि कैदेतच प्राण सोडला. यानंतर त्यांच्या पत्रकांवर कोण विश्वास ठेवणार?

प्रचार आठवी रूट आर्मीही करतच होती. भिंतींवर घोषणा होत्या, गावोगाव नाटके होती. पण सैनिकांना एक नियमही होता: लोकांची सुई किंवा दोरासुद्धा घ्यायचा नाही. मध्य हेबेई म्हणजे सपाट मैदान, लपायला डोंगर नाहीत. गावकऱ्यांनी घरांखाली भुयारे खणली. त्यांची तोंडे चुलीखाली, विहिरीत, गव्हाणीत. एकाने फितुरी केली तरी सारे गाव मारले जाणार. नुसत्या घोषणा ऐकून कुणी एवढी जोखीम घेत नाही.

आणि आपलेच सरकार खोटे बोलले तर? जून १९३८ मध्ये चँग कै-शेक यांच्या सैन्याने जपान्यांना अडवण्यासाठी ह्वांग हो नदीचा बांध फोडला. शेतकऱ्यांना धड सूचनाही नव्हती. लाखो माणसे मेली. सरकारने मात्र सांगितले, बांध जपानी बॉम्बने फुटला.

म्हणून तुमच्या धर्माचे, तुमच्या देशाचे रक्षण आम्ही करतो, असे कुणी सांगू लागला की मी त्याची घोषणा बाजूला ठेवतो. आधी सुईदोऱ्याचा हिशोब विचारतो.