नावाने हाक

माझ्या कादंबऱ्यांतली माणसे तिसऱ्या प्रकरणातच प्रेमात पडतात. वाचकांना तसे आवडते अशी मी समजूत करून घेतली आहे. खरे म्हणजे धीर नसतो तो मला. म्हणून अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 1969 सालची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी वाचून मी अगदी खजील झालो.

गोष्ट परग्रहावरची. थंडी अशी की वाचतानाही अंगावर घोंगडे ओढावे! तिथली माणसे एरवी ना स्त्री, ना पुरुष. (लेखिका एस्ट्राव्हेनला ‘तो’ म्हणते, म्हणून मीही.) आपल्या पृथ्वीवरून गेलेल्या गेन्लीचा अर्धे पुस्तक होईतो या पदच्युत मंत्र्यावर विश्वासच नाही. आणि हाच त्याला कैदेतून सोडवून हिमपठारावरून नेतो. दोघे, एक तंबू, एक शेगडी, ओढत न्यायची बर्फगाडी. जवळजवळ 80 दिवस! प्रेम उमगते, तरी दोघे अंतर राखूनच राहतात. एकदा मात्र गेन्ली त्याला मनोमन ‘थेरेम’ अशी नावाने हाक मारतो. एस्ट्राव्हेनला ती ऐकू येते वारलेल्या भावाच्या आवाजात.

तिथे मी पुस्तक मिटले. लग्नाला 18 वर्षे झाली. ‘अगं’ यापलीकडे मी आमच्या सौ.ला हाक मारलेली नाही. ती स्वयंपाकघरात होती. घसा खाकरला आणि तिला नावाने हाक मारली.

पदराला हात पुसत ती धावतच आली.

“काय झालं? बरं वाटत नाही का?”