ग्रीन केपच्या आधी ठरवा

सिडनी-होबार्ट शर्यतीच्या तयारीत असलेल्या खलाशांनो,



26 डिसेंबरला दुपारी एक वाजता सिडनीच्या बंदरात तोफ होईल आणि तुमची 628 सागरी मैलांची दौड सुरू होईल. सध्या तुमची नौका धक्क्याला आहे. कुणी दोराच्या झुल्यात बसून डोलकाठीच्या टोकाशी एकेक तार, एकेक खीळ चाचपत असेल. कुणी नौकेचा तळ घासत असेल, कुणी शिधा पुन्हा पुन्हा तोलून वजन कमी करत असेल. या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक काम राहून जाऊ नये, म्हणून हे पत्र. माघार कधी घ्यायची, हे धक्क्यावर असतानाच ठरवा.

1998 साली 115 नौका निघाल्या, वाटेत वादळाने गाठलं आणि होबार्टला 44 पोहोचल्या. सहा खलाशी गेले, पाच नौका बुडाल्या, 55 जणांना समुद्रातून सोडवून आणावं लागलं. 'विन्स्टन चर्चिल' तर 1945 च्या पहिल्या शर्यतीत धावलेली नावाजलेली नौका. ती बुडाली आणि तिच्या तराफ्यावरून तिघांना लाटांनी ओढून नेलं. दुसऱ्या एका नौकेवर खलाशाला बांधून ठेवणारा पट्टाच तुटला. तुमचे पट्टे तपासताना प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा.

वाटेतल्या बास सामुद्रधुनीत समुद्र असा का उसळतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ही सामुद्रधुनी उथळ, सरासरी साठेक मीटर खोल. किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे धावतो आणि वारा दक्षिणेकडून समोर येतो. मग लाटा आखूड होतात, उभ्या चढतात आणि फुटतात. त्याआधी पाठीवर उत्तरेचा वारा मिळाला असेल, तर नौका सुसाट आलेली असते आणि सगळ्यांना हुरूप चढलेला असतो. नेमकं त्यानंतर, भिजलेल्या, ओकाऱ्यांनी गळून गेलेल्या, रात्रभर जागलेल्या माणसांना पुढे जायचं की नाही हे ठरवावं लागतं. अशा डोक्याने घेतलेल्या निर्णयावर मी भरवसा ठेवणार नाही.

सामुद्रधुनीत शिरण्याआधी ग्रीन केप या भूशिराजवळ रेडिओवरून कळवावं लागतं, की नौका आणि माणसं पुढे जायला तयार आहेत. नियम फार शहाणपणाचा आहे. पण उत्तर आधीच 'हो' ठरलेलं असेल तर तो निव्वळ उपचार उरतो. पुढे जायचं की नाही, याची जबाबदारी शर्यतीच्या नियमांनी नौकेवरच टाकली आहे. तेव्हा आकडे आत्ताच लिहा: वारा किती झाला, किती जण पहाऱ्याला उभे राहू शकेनासे झाले, कोणता पंप बंद पडला की ईडन बंदराकडे वळायचं. सगळ्यांत नवख्या खलाशालाही 'थांबा' म्हणण्याचा हक्क द्या. वादळी शिडं पिशवीत आहेत एवढ्यावर समाधान मानू नका, अंधारात आणि वाऱ्यात ती एकदा चढवून पाहा. आणि बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही, हे रोज बजावा. 2024 मध्ये बूम आणि शिडाच्या दोरांच्या तडाख्याने दोन वेगवेगळ्या नौकांवरचे दोन खलाशी गेले.

आमच्याकडे गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नौकेवर भारतीय खलाशी अभिलाष टॉमी 2018 ची गोल्डन ग्लोब ही जगप्रदक्षिणेची शर्यत एकट्याने करत होते. दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली आणि त्यांना वाचवून आणावं लागलं. पुढच्याच शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले. तुमची शर्यत तर दरवर्षी भरते; यंदा माघार घेतली, तरी पुन्हा उतरता येईल.

तोफ होण्याआधी एका संध्याकाळी सगळे मिळून बसा, माघारीचे ते आकडे एका कागदावर लिहा, प्रत्येकाची सही घ्या आणि तो कागद नकाशाच्या टेबलाशेजारी चिकटवा.

तुमचा,
एक हितचिंतक