चिचुरकांद्याचा पत्ता

मुलांनो, ऑर्किड हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. लग्नाच्या स्टेजवर किंवा वाढदिवसाच्या गुच्छात प्लॅस्टिकसारखी टवटवीत जांभळी फुलं असतात ना, तीच! ती फुलं माणसं हिरव्या जाळीखाली मुद्दाम पिकवतात. पण त्यांची रानटी भावंडं आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपली आपण उगवतात, हे मला तिशी ओलांडेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. 'नीट' अशासाठी म्हणते, की अर्धवट ठाऊक होतं. आणि त्या अर्धवटपणात मी एक उद्योग करून ठेवला होता. तो पुढे सांगते.

२०२३च्या जुलै महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल उद्यानात गेली. कान्हेरीच्या गुंफा पाहायच्या, डबे खायचे आणि चार झाडं ओळखायची, असा बेत. सोबत मार्गदर्शक काका होते. पाऊस नुकताच उघडला होता. वाटेत एका जुन्या झाडाच्या फांदीवर जाडसर पट्ट्यांसारख्या पानांचा झुबका दिसला. मी लगेच बाईपणा केला. "मुलांनो, हे बांडगूळ. हे दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगतं."

मागून आवाज आला, "बाई, हे बांडगूळ नाही."

आमच्या वर्गात उद्यानातल्या एका पाड्यावरून येणारी मुलगी होती. वर्गात एरवी तोंड उघडत नसे. इथे मात्र ती बोट दाखवून म्हणाली, "मुळं बघा ना, बाहेर लोंबतायत. बांडगुळाची मुळं आत घुसतात."

मी पाहिलं. खरंच की! पांढरट, दोरीसारखी जाड मुळं फांदीला विळखा घालून उरलेली हवेत मोकळी सोडलेली. काका हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं. ही रास्ना. आमरीची एक जात." ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. रास्ना फक्त बसायला जागा घेते, झाडाच्या रसाला तोंड लावत नाही. तिच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पावसाचं पाणी आणि पालापाचोळ्यातून झिरपलेलं खत ते टिपून घेतं. कोरडी असली की मुळं पांढरी दिसतात आणि भिजली की हिरवी. कुंडीतल्या ऑर्किडच्या मुळांवर पाणी शिंपडलंत तर हा रंगबदल घरीही पाहता येईल.

म्हणजे पहिल्याच ओळखपरेडीत बाई नापास! दुसरीतही तेच झालं. कान्हेरीच्या वर, कातळावरच्या पातळ मातीत गवतातून एक पांढऱ्या फुलांचा तुरा डोकावत होता. मी म्हटलं, "ही आमरी!" काका म्हणाले, "मॅडम, पाकळ्या मोजा." सहा होत्या, साऱ्या एकसारख्या. ती निघाली सफेद मुसळी. पण मला वाईट वाटलं नाही, कारण मुसळीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव चक्क आपल्या बोरिवलीवरून पडलंय: क्लोरोफायटम बोरिविलियानम! फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५५ साली ते ठेवलं. सांतापाव मूळचे स्पेनचे, पण मुंबईत झेवियर्स कॉलेजात शिकवत आणि इथल्या डोंगरांतून वनस्पती शोधत हिंडत. पुढे १९६६ मध्ये त्यांचं आणि कापडिया यांचं मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांवर एक पुस्तकच आलं.

मग आमरी ओळखायची कशी? काकांनी सांगितलेली युक्ती सोपी आहे. तिलाही पाकळ्यांसारखे दिसणारे भाग सहाच असतात, तीन बाहेर आणि तीन आत. पण आतल्या तिनांतला एक बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा असतो. कधी फाटे फुटलेला, कधी पिशवीसारखा, कधी ठिपक्याठिपक्यांचा. त्याला म्हणायचं ओठ. कीटकाने उतरावं म्हणून फुलाने पसरलेली जणू सतरंजीच. दुसरी खूण म्हणजे फुलाच्या मधोमध पुंकेसर वेगळे दिसत नाहीत. स्त्रीकेसर आणि पुंकेसर मिळून एकच खांब झालेला असतो. पराग पिठासारखे भुरभुरत नाहीत, त्यांचे चिकट गोळे असतात आणि ते कीटकाच्या डोक्याला किंवा सोंडेला चिकटून पुढच्या फुलावर जातात. चार्ल्स डार्विन इंग्लंडातल्या रानटी ऑर्किडच्या फुलात पेन्सिलीचं टोक घालून हे गोळे बाहेर काढून बघत असे. टोकाला उभे चिकटलेले गोळे अर्ध्या मिनिटात पुढे वाकत, म्हणजे पुढच्या फुलात बरोबर जागेवर टेकायला तयार! १८६२ साली त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

एवढं ऐकेपर्यंत आमची पाड्यावरची बाईसाहेब पुढे गेली होती. तिने हाक मारली, तीसुद्धा कुजबुजत. "बाई, इकडे या. पाय सांभाळून."

जमिनीला अगदी चिकटून, चवलीपावलीसारखं गोल असं एकच पान होतं. त्यातून वीतभर दांडी आणि दांडीवर दोन पांढरी शुभ्र फुलं. मी गुडघे टेकले. ओठ होता, तीन फाट्यांचा. फुलामागे मधाची नळी लोंबत होती. आणि फुलामागचा देठासारखा भाग पीळ दिलेल्या सुतळीसारखा वळलेला होता. बऱ्याच आमऱ्यांची कळी उमलताना अशी अर्धी गिरकी घेते, त्यामुळे वरचा ओठ खाली येतो.

"चिचुरकांदा," काका म्हणाले. शास्त्रीय नाव हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव रोपापेक्षा लांब! पोरांनी ते दहा वेळा घोकलं आणि दहा वेळा हसली. मी मात्र हसले नाही. कारण ते पान मी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने विचारलं, "बाई, आमरी खातात का?" मी म्हटलं, व्हॅनिला आइस्क्रीम खाता ना? व्हॅनिला ही आमरीच, मूळची मेक्सिकोकडची. तिच्या वेली रियुनियन बेटावर नेल्या तेव्हा फुलं यायची पण शेंगा धरत नव्हत्या. मोठमोठे मळेवाले थकले. १८४१ साली एदमों आल्बियस नावाच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून पराग अंगठ्याने दाबून दाखवले आणि शेंग धरली. तो फक्त बारा वर्षांचा होता.

बारा वर्षांचा! आणि बारा वर्षांची असताना मी काय केलं होतं? ते सांगितल्याशिवाय मला पुढे शिकवता येईना, म्हणून सांगून टाकलं.

तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. चाळीमागे टेकडी होती. २००३च्या पावसाळ्यात, मी सातवीत असताना, विज्ञानाच्या प्रकल्पासाठी 'एक अनोखी वनस्पती' आणायची होती. टेकडीवर मला तीच गोल पानं आणि तीच पांढरी फुलं सापडली. पाच रोपं होती. एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून मी पाचही उपटली. प्रत्येकाखाली दोन कांदे, एक सुरकुतलेला आणि एक टणटणीत. सुरकुतलेला सडका असेल असं समजून मी तो तोडून टाकला आणि रोपं तुपाच्या डब्यात लावली. प्रकल्पाला शाबासकी मिळाली. आठ दिवसांत पाचही रोपं मेली. आईने डब्यात तुळस लावली. पुढच्या जूनमध्ये मी त्याच जागी जाऊन बसले. गवत आलं, तेरडा आला, चिचुरकांदा आला नाही.

चूक काय झाली, ते मला खूप उशिरा कळलं. सुरकुतलेला कांदा सडका नव्हता. चालू वर्षाचं पान आणि फूल त्याच्याच शिदोरीवर आलेलं असतं. टणटणीत कांदा पुढच्या वर्षासाठी भरत असतो. मी रोपाचं आजचं जेवण फेकलं आणि उद्याचं डब्यात कोंडलं. शिवाय आमरीचं बी धुळीसारखं असतं, त्यात कोंबासाठी अन्नच नसतं. मातीतली ठरावीक बुरशी भेटली, तिने अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हे शोधून काढलं. म्हणून एका फळात हजारो बिया असूनही रोपं मोजकीच होतात, आणि त्यांना फूल यायला कैक वर्षं लागू शकतात.

इंग्लंडात 'लेडीज स्लिपर' नावाची आमरी आहे, ओठ म्हणजे पिवळीधमक सपाता. हौशी लोकांनी ती इतकी उपटली, की संपलीच असं सगळे धरून चालले. १९३० साली यॉर्कशरमध्ये एक, फक्त एक रोप सापडलं. त्याचा पत्ता अनेक वर्षं गुप्त ठेवला आणि फुलांच्या दिवसांत त्याच्यावर पहारा बसवला. एका रोपासाठी पहारेकरी! वर्ग अवाक् झाला.

पाड्यावरच्या मुलीने मात्र विचारलं, "बाई, तुम्ही परत नेऊन का नाही लावलंत?"

मला उत्तर सुचलं नाही. भीती वाटली होती, हेच खरं. मेलेली रोपं घेऊन टेकडीवर जायची लाज वाटली होती. मी तसंच सांगितलं. ती जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडची जागा फळ्यावर लिहू नका." मी लिहिली नाही. सहलीचे फोटो पालकांना पाठवताना त्यातला एक काढूनही टाकला, कारण मागचा खडक ओळखू येत होता. पालकहो, राष्ट्रीय उद्यानातून रोप उपटणं हा कायद्याने गुन्हा आहेच. पण मोबाईलवर फोटोखाली नेमकी जागा लिहिणं म्हणजे उपटणाऱ्याला वाट दाखवणं, हे आपल्या लक्षात येत नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या शाळेत जाते. दर पावसाळ्यात मात्र एकदा आमच्या फाटकाशी येते. गेल्या खेपेला मधल्या सुट्टीत आली, पायात चिखल, दप्तर डोक्यावर.

"बाई, पानं आली."

"किती?"

तिने आजूबाजूला पाहिलं, आणि पाच बोटं एकदा, मग दोन बोटं दाखवली.