डुकरांचं पाम्प्लेट

मागच्या आठवड्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. आता त्याचीच पन्नाशी झाली आहे, सोबत तरणाताठा मुलगा होता. चहा झाला, पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलून झालं, तरी गडी उठेना. शेवटी म्हणाला, "सर, एक पाम्प्लेट लिहून पायजे होतं."

मला वाटलं गणेश मंडळाचं असेल. कोरपन्यात निवृत्त मास्तर म्हणजे पाम्प्लेट, मानपत्र आणि श्रद्धांजलीचा कायमचा ठेकेदार. पण हे पाम्प्लेट निघालं डुकरांचं!

झालं असं की मुलाने डुकरांचा फार्म टाकला आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला निम्मं अनुदान मिळतं, त्यासाठी याने बरेच खेटे घातले. आता आसपासच्या गावांतले असेच सात-आठ जण मिळून त्यांनी संघटना केली आहे आणि येत्या कृषी प्रदर्शनात ते स्टॉल लावणार आहेत. बाप म्हणाला, "लोकायले सांगा लागते सर, का हा धंदा घाण नाही."

मी 'लिहून देतो' म्हणालो खरं, पण रात्री झोप लागली नाही. कारण नंतर सांगतो.

आधी अमेरिकेचं सांगतो. लेक-जावई आयोवा राज्यात असताना, २०१५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिथली मोठी जत्रा बघायला गेलो होतो. स्टेट फेअर म्हणतात. आपल्या शंकरपटाला आणि कृषी प्रदर्शनाला एकत्र करून शंभराने गुणलं की जे होईल ते. तिथे सगळ्यात वजनदार वळूडुकराची स्पर्धा असते. पाचशे किलोच्या वरचं धूड आडवं पडलेलं, आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढताहेत! दुसऱ्या एका शेडमध्ये व्यालेली डुकरीण आणि तिची पिल्लं बघायला आयाबाया लेकरांना खांद्यावर घेऊन रांगेत उभ्या होत्या. डुक्कर उत्पादकांच्या संघटनेचा तर भला मोठा तंबूच. निवडणूक जवळ आली की राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार तिथे एप्रन बांधून मांस भाजायला उभे राहतात. आम्ही दोघं गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत वाढलेलो, त्यामुळे मक्याच्या कणसावर भागवलं. पण एक गोष्ट मनात घर करून बसली. डुकरं पाळणारा शेतकरी आपल्या डुकराशेजारी छाती काढून उभा होता.

जावयाने सांगितलं की यामागे पद्धतशीर व्यवस्था आहे. १९८५ च्या कायद्याने डुक्कर विकलं की किमतीतला थोडा वाटा जाहिरातीसाठी आणि संशोधनासाठी वेगळा निघतो. त्याच पैशांतून १९८७ साली 'पोर्क म्हणजे दुसरं पांढरं मांस' अशा अर्थाची मोहीम निघाली. लोक तब्येतीसाठी कोंबडीकडे वळत होते, म्हणून यांनी आपलं मांस कोंबडीच्या पंगतीला नेऊन बसवलं. शब्दांचा खेळ! आणि एक मार्चला त्यांच्याकडे 'डुक्कर दिवस' असतो. तो १९७२ मध्ये सुरू केला टेक्सासमधल्या एलन स्टॅन्ली नावाच्या चित्रकलेच्या बाईंनी, बहिणीच्या मदतीने. या हुशार प्राण्याला त्याचा मान मिळावा एवढाच हेतू. म्हणजे तिथेही मास्तरकीतलंच माणूस निघालं.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं मात्र नाही. अंड्याचंच बघा. पूर्वी भाव व्यापारी ठरवायचे आणि कोंबडीवाला बुडायचा. १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि उत्पादक स्वतःच भाव जाहीर करू लागले. मग दूरदर्शनवर ती रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात आली, ती तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. माझ्या लहानपणी आमच्या आळीत अंडी पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून यायची. आता कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पण अंडं लपवावं लागलं तरी अंडी विकणाऱ्याला कोणी दूर बसवत नव्हतं. डुकराचं तसं नाही. इथे प्राणी आणि पाळणारा दोघांनाही एकाच शब्दाने हाक मारतात. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' नातीने दाखवला होता. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. त्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, डुक्कर धरायला निघालेलं कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं. शाळेच्या भिंतीच्या आतल्या बाजूला मी बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे तो प्रसंग मला जास्तच लागला.

आता झोप का नाही लागली ते. १९८७-८८ ची गोष्ट असेल. सातवीची सहल रामटेकला नेली होती. गडावर दगडाचा मोठा वराह आहे, वाकाटकांच्या काळातला. त्याच्या पोटाखालून जो सरपटत पार जाईल तो पुण्यवान, असं लोक मानतात. पोरं एकेक करत जात होती. या पोराची पाळी आली तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "हा तं रोजच जाते डुकराखालून!" सगळे हसले.

मीही हसलो. मास्तर हसले म्हटल्यावर पोरं आणखी हसली. तो गेला नाही, बाजूला जाऊन उभा राहिला. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. मला वाटायचं तो विसरला असेल.

दोन दिवसांनी बापलेक मजकूर बघायला आले. मी वर झोकात लिहिलं होतं, 'वराहपालन : एक किफायतशीर जोडधंदा'. मुलाला फार आवडलं. बापाने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "सर, रामटेकले दगडाचं होतं तं वराह होतं. आमच्या घरचं होतं तं डुक्कर. आता पैसा दिसला तं पुन्हा वराह झालं का जी?"

मला उत्तर देता आलं नाही. हिने आतून विचारलं, "चहा टाकू का?" तेवढ्यावर निभावलं. तो निघताना मी म्हणालो, "त्या दिवशी मी हसायला नको होतं." तो "जाऊ द्या न सर," म्हणाला, पण कशाबद्दल म्हणतोय ते त्याने विचारलं नाही.

मग तिघांनी बसून मजकूर नव्याने केला. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, अंग थंड करायला ते चिखलात लोळतं. जागा पुरेशी दिली तर झोपायच्या जागी घाण करत नाही. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी विते, हा हिशेब मला नवा होता, आणि पोरांना पाठ करायला सोपा. २०१२ ला देशात एक कोटीच्या वर डुकरं होती, २०१९ च्या पशुगणनेत नव्वद लाखांवर आली, हेही टाकलं. आफ्रिकन स्वाइन फीवरवरून थोडी वादावादी झाली. मुलगा म्हणे, रोगाचं नाव कायले काढता? मी म्हटलं, बाबा, २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला तेव्हापासून लोकांनी ऐकलं आहे, ते विचारणारच. तो माणसाला होत नाही, पण डुकरं पटापट मरतात, म्हणून हॉटेलचं उष्टं तसंच खाऊ घालायचं नाही, असं सरळ लिहून टाक. ऐकलं त्याने.

सगळ्यात वर मोठ्या अक्षरात 'आम्ही डुकरं पाळतो' एवढंच ठेवलं. बापाचे शब्द आहेत. कानामात्रा मी तपासला.

नातलग मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पाम्प्लेटच्या खाली 'शब्दांकन' म्हणून माझं पूर्ण नाव, आडनावासकट, छापलं आहे. धाकट्या भावाचा फोन येऊन गेला, "दादा, या वयात हे कशाला?" वहिनींचाही येईल. एक हजार प्रती काढल्या आहेत, त्यातल्या दहा माझ्याकडे आहेत. कोणाला हव्या असतील तर कळवा. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी स्टॉलवर बसणार आहे. खुर्ची घेऊन या म्हणाले, तिथे कमी पडतात.