श्वासाचं शिक्षण

ह्यूस्टन

ती. मावशी,


परवा फोनवर तू विचारलंस, "डॉक्टर नाही, नर्स नाही, मग तू होणार तरी कोण?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे व्हेंटिलेटर बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ, आयसीयूचे डॉक्टर आणि नर्स सांभाळतात. अमेरिकेत त्यासाठी वेगळा माणूस असतो, रेस्पिरेटरी थेरपिस्ट. दम्याच्या पोराला नेब्युलायझर लावण्यापासून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पुन्हा स्वतःचा श्वास घ्यायला लावण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. आधी कॉलेज, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. पुण्याची माझी बी.एस्सी. इथे पुरेशी धरली नाही. शरीरशास्त्र पहिल्यापासून करावं लागलं, तेव्हा फार जिवाला लागलं होतं. आता मात्र हे काम मला मनापासून आवडतं.

का आवडतं, ते सांगते. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं वाढत नाहीत. म्हणून व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यायची, हे रुग्णाच्या उंचीवरून ठरवतात. तुझ्याएवढ्या, 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन या हिशेबात 52.4 किलोच धरायचं आणि किलोमागे 6 मिलिलिटर, म्हणजे साधारण 315 मिलिलिटर हवा द्यायची. पूर्वी याच्या दुप्पटही देत. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या रुग्णांना अशी बेताची हवा दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांऐवजी 31 टक्के राहिलं. जीव वाचवणारी हवाच जास्त झाली तर फुप्फुस फाडते. ती बेतात ठेवणं ही आमची जबाबदारी.

आणि बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर! 2020 मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की आकडा 92 ते 96 दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन खरा 88 च्या खाली असणं, हे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. त्वचेच्या रंगाने यंत्र फसतं. हे शिकताना मला आपल्या घरातली सगळी माणसं आठवली. शंका आली की आम्ही मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासतो. पण शंका यायला आधी रुग्णाकडे बघावं लागतं. श्वासनलिकेत नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही. इथे कित्येकांना नळी नसतानाही इंग्रजीत आपला त्रास सांगता येत नाही. परक्या मुलखात तोंडातून शब्द न फुटण्याची घुसमट मी सोसली आहे. म्हणून मॉनिटरच्या आधी मी रुग्णाचा चेहरा, मान आणि छाती बघते. चांगली थेरपिस्ट इथूनच घडते, अशी माझी खात्री आहे.

आता काकांचं. त्यांच्या सीओपीडीसाठी, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजारासाठी, तू रोज मला ऑक्सिमीटरचा आकडा कळवतेस. तो कळवत जाच, पण सोबत त्यांचे श्वासही मोज. ते निवांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट. आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. श्वास 25 च्या वर गेले, बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा मानेचे स्नायू ओढले जाताना दिसले, तर आकडा कितीही चांगला असो, त्यांना लगेच डॉक्टरकडे ने. इनहेलर फवाऱ्याचा असेल तर स्पेसर लावूनच घ्यायला सांग, आणि स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायला लाव.

काकांना नमस्कार.

तुझी,
मनू